विद्यापीठाबाहेर भाषेचं संशोधन: आपली माणसं शोधायची कशी, जोडायची कशी

मायकेल व्हेंट्रिस पेशाने वास्तुविशारद. भाषाशास्त्राची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, हाताखाली विद्यार्थी नाहीत. क्रीट बेटावर आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी वाचायचा ध्यास मात्र शाळकरी वयातच लागलेला. १९५० च्या सुरुवातीला त्याने एक साधी गोष्ट केली. या लिपीवर काम करणाऱ्या जगभरच्या डझनभर अभ्यासकांना त्याने प्रश्नावली पाठवली, आलेली उत्तरं एकत्र केली आणि ती सगळ्यांना परत वाटली. पुढे जानेवारी १९५१ ते जून १९५२ या काळात त्याने आपल्या कामाची २० टिपणं अशीच वाटली. पाट्यांची भाषा प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन भाषेच्या नात्यातली असावी अशी त्याची समजूत होती आणि ती त्याने लपवली नव्हती. विसाव्या टिपणात, निव्वळ विषयांतर म्हणून, ही भाषा ग्रीक तर नसेल ना, असं त्याने विचारलं. जुलैमध्ये बीबीसी रेडिओवर त्याने आपला निष्कर्ष सांगितला. तो ऐकून जॉन चॅडविक या भाषाभ्यासकाने त्याला गाठलं आणि १९५३ मध्ये केंब्रिजच्या चॅडविकबरोबर त्याचा संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट बहुतेक वेळा असामान्य बुद्धीची म्हणून सांगतात. मी ती पुन्हा पुन्हा वाचते ती त्या डझनभर पत्त्यांसाठी.

विद्यापीठातून बाहेर पडलं की ग्रंथालय सुटतं, हे पहिल्याच महिन्यात कळतं. वाचक सुटला हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातात. वाचक म्हणजे आपलं अर्धंकच्चं काम हातात घेऊन ‘इथे तुमचं चुकतंय, आणि ते यामुळे’ असं सांगणारा माणूस. विभागात तो आपोआप मिळतो. मार्गदर्शक असतो, शेजारच्या टेबलावरचा सहकारी असतो, आठवड्याच्या चर्चेत हटकून शंका काढणारं कुणीतरी असतं. बाहेर तो शोधावा लागतो. व्यावसायिक समूहात सामील व्हायचं ते मुख्यतः यासाठी, असं माझं ठाम मत आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत.

हा लेख कुणासाठी? कोशाच्या नोंदी लिहिणारे, बोलणं ओळखणाऱ्या प्रणालींसाठी डेटा तयार करणारे, सॉफ्टवेअरचं स्थानिकीकरण करणारे, न्यायालयात भाषिक पुराव्यावर मत देणारे, सर्वेक्षणातले प्रश्न लोकांना नीट कळताहेत का हे तपासणारे, आपल्याच समाजाची बोली ध्वनिमुद्रित करणारे, आणि नोकरी वेगळीच असून रात्री व्याकरण लिहिणारे. मी यांतल्या दुसऱ्या गटातली.

पहिली पायरी: काय अडलं ते लिहून काढा

‘मला समूह हवाय’ एवढ्यावर शोध सुरू केला की माणूस पाच ठिकाणी नाव नोंदवतो आणि कुठेच रमत नाही. आधी एक कागद घ्या. गेल्या तीन महिन्यांत काम नेमकं कुठे अडलं त्या पाच-सात जागा लिहा. ‘मार्गदर्शन हवं’ असं मोघम लिहू नका. ‘या शब्दाचे दोन अर्थ वेगळे धरावेत की एक, हे ठरेना’, ‘अमुक शोधनिबंध पैसे भरल्याशिवाय उघडेना’, ‘माझ्या कामाला बाजारात काय मोबदला मिळतो ते ठाऊक नव्हतं’, ‘परिषदेच्या अर्जात संस्थेच्या रकान्यात काय लिहावं कळेना’, अशा तऱ्हेने लिहा.

आता प्रत्येक ओळीसमोर गरज कोणत्या जातीची आहे ते मांडा. चूक दाखवणारा वाचक हवाय, वाचायचं साहित्य हवंय, कामाची व मोबदल्याची माहिती हवीय, ओळख हवीय, की नुसती सोबत हवीय? पाचही गरजा खऱ्या आहेत आणि पाचही एकाच जागी भागत नाहीत. माझ्या कागदावर सात ओळींपैकी पाच वाचकाच्या निघाल्या होत्या. तोवर मी मात्र नोकरीच्या जाहिराती येतात अशाच समूहांत वेळ घालवत होते.

दुसरी पायरी: कुठे कोण बसतं ते समजून घ्या

सर्वांत जुन्या आणि मोठ्या त्या विद्वत्सभा. अमेरिकेतली लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिका १९२४ सालची आहे. नाव एका देशाचं असलं तरी सदस्यत्व कुणालाही घेता येतं, त्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही. विद्यापीठाबाहेर काम करणाऱ्या भाषाभ्यासकांचा एक खास गटही तिच्यात आहे. अशा मोठ्या सभेत शिरताना थेट असा गट शोधावा. मुख्य अधिवेशनाच्या गर्दीत नवखा माणूस हरवतो, गटाच्या बैठकीत त्याला नाव विचारलं जातं.

दुसरा प्रकार धंद्यानुसार बांधलेल्या संघटनांचा, आणि बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त मिळतं ते इथे. कोशकारांसाठी युरोपात युरॅलेक्स (१९८३) आणि उत्तर अमेरिकेत डिक्शनरी सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका (१९७५). कोशाचं काम पूर्वापार प्रकाशनसंस्थांत चालत आल्यामुळे इथे बाहेरचा माणूस परका ठरत नाही. युरॅलेक्सच्या जुन्या परिषदांचे निबंधही फुकट वाचता येतात. संगणकीय भाषाविज्ञानासाठी असोसिएशन फॉर कंप्युटेशनल लिंग्विस्टिक्स. ती १९६२ सालची आहे, तिच्या परिषदांत कंपन्यांतले संशोधक मोठ्या संख्येने असतात, आणि तिचं ‘अँथॉलॉजी’ हे निबंधभांडार सर्वांना खुलं आहे. न्यायव्यवहारातल्या भाषेवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९३ पासून आहे. तिथे भाषाभ्यासकांबरोबर वकील आणि पोलीस खात्यातली माणसंही भेटतात. माणसांचं बोलणं-वागणं जवळून पाहून कंपन्यांना निर्णयात मदत करणारे २००५ पासून ‘एपिक’ परिषदेत जमतात. तिथे मानववंशशास्त्राचा रंग अधिक आहे, पण मुलाखती आणि संभाषणं हेच ज्यांचं साहित्य आहे त्यांना तिथली भाषा ओळखीची वाटेल.

तिसरा प्रकार कामाभोवती जमलेल्या लोकांचा. यांच्याकडे सदस्यत्वाचं कार्ड नसतं, पण माझ्या अनुभवात खरी जानपछान इथेच होते. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या प्रकल्पात शंभरहून अधिक भाषांतल्या वाक्यांची व्याकरणिक चिन्हांकनं (म्हणजे शब्दाशब्दाला त्याच्या व्याकरणाची खूण लावणं) एकाच पद्धतीने केली जातात आणि चिन्हांकनाचे वाद उघड्यावर चालतात. विकिपीडियाच्या विकिडेटा या भावंड-प्रकल्पावर २०१८ पासून शब्द, त्यांची रूपं आणि अर्थ नोंदवता येतात. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या ध्वनिसंग्रहात २०१७ पासून लोक आपला आवाज दान करतात. युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहात तारखा, महिने, देशांची नावं अशी प्रत्येक भाषेची माहिती भाषक स्वतः तपासतात. भाषांना तीन अक्षरी संकेत देणारं आयएसओ ६३९-३ हे प्रमाण एसआयएल ही संस्था सांभाळते. एखादी भाषा चुकीने दुसरीत घुसडली गेली असेल, तर बदलाचा अर्ज कुणीही करू शकतं. तो अर्ज लोकांच्या मतांसाठी खुला ठेवला जातो आणि अर्जदाराला पुराव्यानिशी बोलावं लागतं. पदवी न विचारता पुरावा विचारणारी ही जागा मला फार मोलाची वाटते.

चौथा प्रकार विशिष्ट भाषांच्या लोकांनी स्वतः बांधलेला. आफ्रिकेतल्या भाषांसाठी मासाखाने हा समूह २०१९ च्या सुमारास उभा राहिला. २०२० साली त्यांनी यांत्रिक भाषांतरावर शोधनिबंध प्रसिद्ध केला तेव्हा लेखकांची यादी चाळिशीच्या पुढे गेली होती. विद्यापीठातले आणि बाहेरचे, भाषांतरकार आणि प्रोग्रामर एकाच यादीत होते. आपल्या भाषेसाठी असं काही आहे का ते आधी पाहा. असेल तर बाकीचे प्रकार दुय्यम.

शिवाय कुठल्याच संस्थेत नसलेल्या सर्व विषयांच्या अभ्यासकांसाठी नॅशनल कोअलिशन ऑफ इंडिपेंडंट स्कॉलर्स १९८९ पासून आहे. भाषेविषयी तिथे फारसं ऐकायला मिळणार नाही, पण संस्थेविना संशोधन करताना येणाऱ्या कागदोपत्री अडचणी तिथल्या लोकांनी आधीच सोसलेल्या असतात.

तिसरी पायरी: वर्गणी भरण्याआधी पारख

मी एकदा नाव मोठं म्हणून एका संघटनेची दोन वर्षांची वर्गणी भरली. दोन वर्षांत तीन पत्रकं आली. त्यानंतर मी पारखायला शिकले.

संघटनेच्या गेल्या दोन परिषदांचे कार्यक्रम काढा आणि वक्त्यांच्या नावाखालच्या संस्था वाचत जा. दहात एखादा तरी कंपनीतला, प्रकाशनसंस्थेतला किंवा स्वतंत्र संशोधक दिसतो का? दिसला तर तो मुख्य सत्रात आहे की शेवटच्या दिवशीच्या ‘करिअर’ चर्चेपुरता? कार्यकारिणीत बाहेरची माणसं आहेत का? निबंधांची निवड लेखकाचं नाव झाकून होते का? ही बाब वाटते त्याहून मोठी आहे. नाव झाकलेलं असेल तर संस्थेचा रकाना रिकामा असल्याचं समीक्षकाला कळत नाही आणि लिखाण त्याच्या वजनावर तोललं जातं. मग शुल्काकडे पाहा. विद्यार्थी आणि प्राध्यापक एवढेच दर आहेत, की उत्पन्नानुसार किंवा संस्थाविहीन माणसासाठी वेगळा दर आहे? दर दिसत नसेल तर चिटणिसांना विचारा. सवलत अनेकदा असते, पण छापलेली नसते.

शेवटी, तिथल्या एखाद्या साध्या सदस्याला एकच प्रश्न विचारा: ‘गेल्या वर्षभरात या समूहातल्या कुणी तुमचं लिखाण वाचून काही सुचवलं का?’ उत्तर द्यायला त्याला फार आठवावं लागलं, तर वर्गणी भरू नका.

चौथी पायरी: नाव आणि पत्ता पक्का करा

बेंजामिन ली वॉर्फ १९१९ पासून शेवटपर्यंत आगीच्या विमा कंपनीत नोकरीला होता. आगी का लागतात आणि त्या कशा टाळाव्यात हे त्याचं काम. त्याच काळात तो १९३१ पासून येल विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीरच्या वर्गाला बसत होता आणि अमेरिकेतल्या मूळनिवासी होपी लोकांच्या भाषेवर लिहीत होता. बाहेरच्या माणसाने लिहिलंय म्हणून कुणी ते दुर्लक्षिलं नाही, उलट त्यावर आजही वाद चालतो. तेव्हा ‘स्वतंत्र संशोधक’ हे दोन शब्द लिहिताना संकोच नको. अर्जातला संस्थेचा रकाना रिकामा न ठेवता तिथे हेच लिहा. नोकरीच्या कंपनीचं नाव तिची परवानगी असेल तरच, आणि काम कंपनीच्या वेळात झालं असेल तरच.

ऑर्किड क्रमांक काढून घ्या. ही सोय २०१२ पासून आहे, फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. १६ अंकांचा हा क्रमांक नोकरी, आडनाव, देश बदलला तरी तुमचाच राहतो, आणि एकाच नावाची चार माणसं असतील तर तुमचं काम तुमच्याच नावावर लागतं. ईमेल स्वतःचा वापरा. कार्यालयाचा पत्ता शोधनिबंधावर छापला आणि वर्षभराने नोकरी सुटली, की तुम्हाला शोधणारा वाचक बंद दारावर टकटक करत राहतो. मग एका पानावर तुम्ही कशावर काम करता, कोणत्या भाषांत, आणि सध्या कोणत्या प्रश्नाशी झगडताय हे लिहून ठेवा. झगडा लिहायला विसरू नका. लोक तुमच्या यशाला दाद देऊन पुढे जातात, अडचणीपाशी थांबतात.

पाचवी पायरी: आधी उपयोगी पडा, मग विचारा

नव्या समूहात पहिले काही आठवडे ऐका. कोण नेमाने उत्तरं देतं, कोणत्या प्रश्नांना उत्तरच मिळत नाही, कोणता वाद दर वर्षी उकरला जातो. मग एक छोटं, पण पूर्ण काम करून द्या. तुम्हाला येणाऱ्या भाषेची ग्लॉटोलॉग या जगातल्या भाषांच्या ऑनलाइन सूचीतली नोंद तपासा आणि संदर्भ जोडून दुरुस्ती सुचवा. सीएलडीआरमधली महिन्यांची रूपं तपासा. परिषदेला गोषवारे वाचणारी माणसं कमी पडतात, तिथे हात वर करा. समीक्षक म्हणून वाचताना चांगला गोषवारा कसा असतो तेही आपोआप कळतं.

प्रश्न विचारण्याचीही रीत असते. ‘बोलीभाषेचं चिन्हांकन कसं करावं?’ याला कुणी उत्तर देणार नाही, कारण त्याचं उत्तर पुस्तकभर आहे. ‘माझ्याकडे ४० तासांचं संभाषण आहे. बोलणारी माणसं वाक्याच्या मधोमध भाषा बदलतात. बदललेल्या शब्दाला मूळ भाषेचे प्रत्यय लागले तर तो शब्द कोणत्या भाषेच्या खात्यात टाकावा? मी दोन रीती करून पाहिल्या, दोन्हींची दहा-दहा वाक्यं सोबत आहेत. पहिली रीत इथे इथे फसते.’ याला उत्तर येतं, कारण तुम्ही स्वतः काय केलंत ते समोरच्याला दिसतं आणि त्याचं काम दहा वाक्यं वाचण्यापुरतं उरतं. उत्तर मिळालं की पुढे काय केलंत तेही कळवा. हे फार थोडे लोक करतात. जे करतात त्यांचा पुढचा प्रश्न लोक आवर्जून वाचतात.

सहावी पायरी: पाच जणांचं वाचनमंडळ

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मोठ्या संघटनेने मला दिलं त्याच्या कितीतरी पट या छोट्या मंडळाने दिलं.

मोठ्या समूहात माणसं दिसतात, पण कच्चं लिखाण वाचायला कुणी बांधलेलं नसतं. तेव्हा तिथे भेटलेल्यांतून चार जण निवडा. तुमच्यासकट पाच. तीन असतील तर एक आजारी पडला की बैठक मोडते, आठ असतील तर प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी वाचून येईल. सगळे एकाच उपविषयातले नकोत. आमच्यात एक कोशकार, एक भाषांतरकार, एक ध्वनिविज्ञान शिकलेला प्रोग्रामर, एक बोलीचं ध्वनिमुद्रण करणारी शिक्षिका आणि मी. ‘हा शब्द सगळ्यांना कळतो’ असं मी ज्याबद्दल गृहीत धरत होते, तो शब्द चौघांनाही कळत नसल्याचं पहिल्याच बैठकीत दिसलं.

दर चार आठवड्यांनी दीड तास. दर वेळी एकाचंच लिखाण, जास्तीत जास्त सहा पानं, आणि ते आठ दिवस आधी सगळ्यांकडे. लेखकाने वर तीन ओळींत सांगायचं: हे काम कोणत्या टप्प्यावर आहे, मला कशावर मत हवंय, कशावर नकोय. पहिल्या मसुद्यावर विरामचिन्हांची चर्चा झाली की लेखकाचा धीर सुटतो आणि शेवटच्या मसुद्यावर ‘मुळात प्रश्नच चुकलाय’ ऐकून काही उपयोग नसतो, म्हणून ही तीन ओळींची अट.

बैठकीत पहिली दहा मिनिटं लेखक सोडून दुसऱ्या कुणीतरी त्या लिखाणाचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. लेखकाने गप्प बसून ऐकायचं. आपण लिहिलं एक आणि वाचलं गेलं भलतंच, हे या दहा मिनिटांत जितकं लख्ख कळतं तितकं पानभर लेखी शेऱ्यांतून कळत नाही. मग ४० मिनिटं युक्तिवादावर, अर्धा तास उदाहरणं आणि डेटावर. शेवटी लेखक सांगतो की पुढच्या वेळेपर्यंत काय बदलणार. ते एकाने टिपून ठेवायचं. हा मजकूर बाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी कबूल करायचं. कल्पना चोरीला जाण्याची भीती असेल तर मसुद्यावर तारीख टाका आणि योग्य वेळी तो झेनोडोसारख्या ठिकाणी ठेवा. सर्न या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे भांडार फुकट आहे आणि तिथे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो.

मंडळ सहसा चौथ्या-पाचव्या बैठकीला ढेपाळतं. कुणीतरी ‘या महिन्यात काही लिहून झालं नाही’ म्हणतं आणि बैठक पुढे ढकलली जाते. ढकलू नका. लिखाण नसेल तर दुसऱ्याचा छापलेला निबंध वाचा, नाहीतर दहा वाक्यांचा डेटा घेऊन पाचही जणांनी स्वतंत्रपणे चिन्हांकित करा आणि कुठे जुळलं, कुठे नाही ते बघा. आमच्या अशाच एका बैठकीत माझ्या चिन्हांकनाच्या सूचनापत्रातली सर्वांत मोठी गफलत सापडली. पाच माणसांनी एका वाक्याला चार वेगवेगळी लेबलं लावली होती. तोवर मी ते सूचनापत्र पूर्ण झालं असं समजत होते.

सातवी पायरी: कंपनीचं गुपित आणि आपलं बोलणं

नोकरीत राहून संशोधन करणाऱ्यांना सगळ्यात जास्त इथे ठेच लागते. एका परिषदेत माझा गोषवारा स्वीकारला गेला, तिकीटही काढलं, आणि शेवटच्या आठवड्यात कार्यालयाने परवानगी नाकारली. मी ती मागितलीच उशिरा होती. आता मी गोषवारा पाठवण्याआधी लेखी परवानगी घेते, आणि मागताना तीन गोष्टी स्पष्ट लिहिते: कोणता डेटा दाखवणार, कोणता नाही, आणि कंपनीचं नाव येणार की नाही.

नोकरीचा करार काढून ‘बौद्धिक संपदा’ आणि ‘गोपनीयता’ ही कलमं शांतपणे वाचा. काही करारांत कामाच्या वेळेबाहेर लिहिलेल्या गोष्टींवरही कंपनी हक्क सांगते. तसं असेल तर रात्रीचं व्याकरण सुरू करण्याआधीच त्याला वगळून घेणारं पत्र मागा.

समूहात बोलताना एक युक्ती कामी येते: प्रश्न आणा, डेटा आणू नका. कंपनीच्या ध्वनिफितीत दिसलेली अडचण कॉमन व्हॉइससारख्या खुल्या संग्रहात सापडते का ते पाहा. सापडली तर तीच उदाहरणं घेऊन बोला. गुपित राहतं आणि तुमचं म्हणणं इतरांना तपासूनही पाहता येतं.

आठवी पायरी: वाचायला मिळवणं, छापायला देणं

साहित्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. व्याकरण आणि अर्थविचारावरचे निबंध लिंगबझ या संकेतस्थळावर लेखक स्वतः ठेवतात. लँग्वेज सायन्स प्रेस २०१४ पासून भाषाविज्ञानाची समीक्षित पुस्तकं मोफत देते. २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या नियतकालिकाच्या संपादकांनी प्रकाशकाशी शुल्क आणि खुल्या प्रवेशावरून झालेल्या मतभेदातून एकत्र राजीनामे दिले आणि ‘ग्लोसा’ हे सर्वांना खुलं नियतकालिक काढलं. भाषा-दस्तऐवजीकरणावरचं ‘लँग्वेज डॉक्युमेंटेशन अँड कन्झर्व्हेशन’ २००७ पासून खुलं आहे. एवढं करूनही एखादा निबंध मिळाला नाही तर लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहा. बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात, आणि पुष्कळदा ओळखीची सुरुवात तिथूनच होते.

छापायला देताना लेखकाकडून शुल्क घेणारी नियतकालिकं असतात. संस्था पाठीशी नसलेल्यांना माफी मिळते का ते पाठवण्याआधी विचारा. ओळखीपाळखीशिवाय तुमच्या लिखाणाची स्तुती करत निबंध मागणारं पत्र आलं, तर संपादक मंडळातल्या दोघांना परस्पर विचारल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

नववी पायरी: नीतिसमितीविना नीती

विद्यापीठात माणसांवर संशोधन करायचं तर समितीची मंजुरी लागते. बाहेर ती कुणी मागत नाही, म्हणून जबाबदारी वाढते. ज्यांचं बोलणं आपण टिपतो ती माणसं आपल्या व्यावसायिक समूहाचाच भाग आहेत असं धरून चाला. संमती त्यांच्या भाषेत घ्या. नीट लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडी घेऊन ध्वनिमुद्रित करा. ‘कशासाठी वापरणार’ हे सांगताना प्रत्येक वापर वेगळा विचारा: अभ्यासासाठी, प्रकाशनासाठी, यंत्र शिकवण्यासाठी. पहिल्याला हो म्हणणारा तिसऱ्याला नाही म्हणू शकतो. नंतर माघार घेण्याची वाट खुली ठेवा, आणि ती कुठवर खुली राहील तेही सांगा, कारण एकदा जगभर वाटलेला डेटा परत गोळा करता येत नाही.

डेटा सापडावा, उघडावा, जुळावा आणि पुन्हा वापरता यावा ही २०१६ ची ‘फेअर’ तत्त्वं तंत्रज्ञ मंडळी मनापासून पाळतात. मूळनिवासी समाजांच्या डेटासाठी २०१९ मध्ये आलेली ‘केअर’ तत्त्वं विचारतात की त्या डेटावर अधिकार कुणाचा आणि लाभ कुणाला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जिथे ती एकमेकांना टक्कर देतात तिथे मी ‘केअर’च्या बाजूने जाते. एखादं गाणं फक्त विशिष्ट विधीतच गायचं असेल, तर ते खुल्या भांडारात नसणं हेच योग्य.

तुमच्या वाचनमंडळाचीच छोटी नीतिसमिती करता येते. काम सुरू करण्याआधी संमतिपत्रक त्यांच्यासमोर ठेवा. लुप्त होत चाललेल्या भाषांवर काम करणाऱ्यांसाठी फाउंडेशन फॉर एन्डेंजर्ड लँग्वेजेस आणि एन्डेंजर्ड लँग्वेज फंड (दोन्ही १९९६ सालच्या) लहान अनुदानं देतात. त्यांच्या अर्जात समाजाचा सहभाग कसा असेल ते मांडावं लागतं. अनुदान घ्यायचं नसलं तरी तो अर्ज भरून पाहा. योजनेतल्या कच्च्या जागा तिथे उघड्या पडतात.

दहावी पायरी: किती वेळ द्यावा, कधी निघावं

नोकरी सांभाळून महिन्याला आठ तास निघतात असं धरा. चार वाचनमंडळाला, दोन कामाभोवतीच्या एखाद्या समूहाला, दोन मोठ्या संघटनेतल्या गटाला. त्याहून जास्त ठिकाणी जाऊ नका. पैसा एकाच वर्गणीपुरता असेल, तर पहिल्या वर्षी ती वर्गणीही न भरता परिषदेचं एक दिवसाचं किंवा ऑनलाइन शुल्क भरा.

वर्षाअखेरीस पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा. ज्या ओळी अजून तशाच आहेत त्या ज्या समूहाकडून सुटायला हव्या होत्या, तो सोडायचा विचार करा. समूहात केवळ नावाजलेल्यांचीच वाहवा होत असेल, नवख्याचा प्रश्न हसण्यावारी नेला जात असेल, किंवा तुमच्या फुकट कामावर दुसऱ्याचं नाव चढत असेल, तर वर्षाअखेरीची वाट पाहू नका. निघताना ज्या दोघा-तिघांशी खरं बोलणं झालं त्यांचे पत्ते घ्या आणि त्यांना कळवून निघा.

पहिलं पत्र

मंडळासाठी माणूस गाठायचा म्हणजे लिहायचं काय, इथे बरेच जण थबकतात. मी लिहिलं होतं ते जवळपास असं:

‘नमस्कार. आपण भाषा बदलत बोलण्याविषयी परिषदेत मांडलेला निबंध मी वाचला. आपण तिसऱ्या तक्त्यात ज्या वाक्यांना अनिर्णित म्हटलंय, तशीच वाक्यं माझ्या संग्रहात पुष्कळ आहेत आणि मीही तिथेच अडले आहे. मी विद्यापीठाबाहेर काम करते. सहा पानांचं टिपण सोबत जोडलं आहे. त्यातलं चौथं पान तेवढं आपण पाहिलंत आणि माझी विभागणी कुठे टिकत नाही ते सांगितलंत तर मोठी मदत होईल. आपलं एखादं लिखाण वाचायला कुणी हवं असेल तर मी तितक्याच काळजीने वाचीन.’

एकाच वेळी तीन जणांना, पण तीन निरनिराळी पत्रं लिहा. तीन आठवडे थांबा, एकदाच आठवण करून द्या, आणि उत्तर नाही आलं तर मनाला लावून न घेता यादीतलं पुढचं नाव घ्या. माझ्या पहिल्या तिघांपैकी दोघांकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या बाईंनी नुसतं चौथं पान नव्हे, सहाही पानं लाल शाईने भरून पाठवली. आज त्या आमच्या मंडळातल्या कोशकार आहेत.